दोन एल्फिन्स्टन आणि धारवाडचा मुलगा

जुलै २०१८ मध्ये मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड स्टेशनची पाटी उतरली आणि प्रभादेवीची पाटी चढली. परक्या गव्हर्नरचे नाव गेले म्हणून ज्यांनी आनंद मानला त्यांना मानू द्यावा. त्या नावाचे आम्हाला सुतक नाही. परंतु पाटी उतरवणाऱ्यांपैकी आणि पाटी उतरताना पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले, की हा एल्फिन्स्टन होता तरी कोण? त्याने आमच्या आजा-पणजाचे भले केले की वाटोळे केले? चळवळीच्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाटी बदलून हिशेब मिटत नाही.

मुळात एल्फिन्स्टन एक नव्हे, दोन. दोघेही मुंबईचे गव्हर्नर. पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७. दुसरा त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६०. कॉलेजला नाव आहे ते काकाचे, स्टेशनला होते ते पुतण्याचे. ज्या कॉलेजातून भीमराव रामजी आंबेडकर १९१२ साली बी. ए. झाले ते हेच एल्फिन्स्टन कॉलेज. सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती म्हणून हे घडले. इथपर्यंतची माहिती आमच्या शाळकरी पोरांनाही असते. पण ज्याच्या नावाच्या कॉलेजात बाबासाहेब शिकले त्या काकाने अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल काय लिहून ठेवले होते आणि पुतण्याच्या सरकारने काय ठराव केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. हे दोन्ही कागद आज वाचकांपुढे ठेवायचे आहेत.

त्याआधी एक गोष्ट. आंबेडकरी माणसावर एक आरोप पिढ्यान् पिढ्या होत आला आहे : तुम्ही इंग्रजधार्जिणे! इंग्रज आले म्हणून तुम्ही शिकलात, म्हणून तुम्हाला स्वातंत्र्य नको होते. १९९७ साली अरुण शौरी यांनी तर बाबासाहेबांवर याच आरोपाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्यापैकी काही भाबडे लोक या आरोपाला उत्तर देताना उलट्या टोकाला जातात. ते म्हणतात, होय, इंग्रज हेच आमचे तारणहार, त्यांनीच आम्हाला शाळा दिल्या. आरोप करणारा आणि कबुली देणारा, दोघेही एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. गव्हर्नर साहेबाने दार उघडले आणि आम्ही आत गेलो, हे ते गृहीत. कागद वेगळे बोलतात.

पेशवाईच्या अस्तापासून सुरुवात करू. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याची संगमावरची कोठी जळाली, तीत त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. त्यानंतर १ जानेवारी १८१८ चा तो दिवस. भीमा नदीच्या काठी कोरेगावात मूठभर पलटण पेशव्यांच्या अफाट फौजेपुढे दिवसभर उपाशी-तहानेली लढली. तिच्यात महार शिपाई होते, त्यांची 'नाक' लावलेली नावे त्या स्तंभावर आजही वाचता येतात आणि दरसाल आपण ती वाचायला जातो. लढाईनंतर दोनच दिवसांनी, ३ जानेवारीला, हा एल्फिन्स्टन स्वतः कोरेगावी आला होता. रक्त अजून वाळले नसेल. कोण लढले, कोण पडले, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे १८२१ साली स्तंभाचा पाया घातला गेला तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीवर तोच होता.

आता याच माणसाने पुण्यात काय केले ते पाहा. राज्य घेतल्यावर त्याचे धोरण एका वाक्यात सांगायचे तर : जुने काही मोडायचे नाही. इनामे चालू, वतने चालू, देवस्थानांची उत्पन्ने चालू. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत, तीही त्याने एकदम बंद केली नाही. तिच्यातला काही पैसा वळवून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिथे वेद, न्याय, व्याकरण शिकवायचे. शिकणारे कोण हे सांगायला नको. पेशवाई बुडाली, दक्षिणा बुडाली नाही! ज्या रयतेच्या घामातून तो पैसा गोळा होत होता, तिच्या मुलाला विश्रामबागेच्या पायरीवरही उभे राहता येत नव्हते.

एल्फिन्स्टन दुष्ट नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्या काळच्या साहेबांत तो विद्वान होता, साधा राहणारा होता, देशी माणसाने शिकावे असे त्याला मनापासून वाटत होते. गव्हर्नर-जनरल होण्याची संधी त्याने नाकारली. १८२७ साली तो निघाला तेव्हा मुंबईच्या धनिकांनी दोन लाखांहून अधिक रुपये वर्गणी जमवली, तीतून त्याच्या नावाचे अध्यापन सुरू झाले आणि पुढे कॉलेज उभे राहिले. अशा चांगल्या माणसाने काय लिहिले ते पाहिले म्हणजे मग धोरण आणि चांगुलपणा या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात ते कळते.

१८२४ च्या सुमारास त्याने शिक्षणावर एक टिपण लिहिले. इंग्रजी राज्यकारभारात अशा टिपणाला मिनिट म्हणत, आणि गव्हर्नरचे मिनिट म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांच्या धोरणाचे बीज. त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा. मिशनऱ्यांचा अनुभव आहे की सर्वांत खालच्या जातीची मुले उत्तम विद्यार्थी निघतात. परंतु अशांना खास उत्तेजन देताना आपण जपून असले पाहिजे. हे लोक सर्वांत तुच्छ मानले जातात, आणि संख्येनेही थोडे. आपली शिक्षणपद्धती आधी यांच्यात रुजली तर ती यांच्यापलीकडे कधी जाणारच नाही. उपयुक्त ज्ञानात इतरांच्या पुढे गेलेला पण इतरांच्या तिरस्काराचा धनी असा एक नवा वर्ग तयार होईल, आणि आपण त्याच्या शिरोभागी जाऊन बसू. आपली सत्ता नुसत्या फौजेच्या जोरावर किंवा लोकांच्या एका भागाच्या निष्ठेवर उभी करायची असेल तर हे ठीक आहे, पण ती व्यापक पायावर उभी करायची असेल तर हे चालणार नाही.

वाचकांनी हा आशय पुन्हा एकदा वाचावा. यात अस्पृश्याची बुद्धी कमी आहे असे गव्हर्नर म्हणत नाही. उलट तो कबूल करतो की ही मुले उत्तम शिकतात! धर्ममार्तंड म्हणत होते, यांना बुद्धीच नाही. साहेब म्हणतो, बुद्धी आहे, म्हणूनच जपून राहा. यांना शिकवले तर आमच्या शाळेवर इतर जाती थुंकतील आणि आमचे राज्य थोड्यांचे राज्य होईल. सहा वर्षांपूर्वी कोरेगावच्या मातीत ज्यांची प्रेते याने पाहिली, त्यांच्या पोरांना शाळेत आधी घेऊ नका, असा हा सल्ला. फौजेत आधी, शाळेत शेवटी! यात द्वेष कुठेही नाही. हा थंड डोक्याने मांडलेला राज्यकर्त्याचा हिशेब आहे.

याच एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ चे रेग्युलेशन झाले. मुंबई इलाख्याच्या दिवाणी न्यायव्यवस्थेचा तो पाया. त्यातल्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमात न्यायालयांना बजावले होते की जातीच्या प्रश्नांत पडू नका. जातीमुळे अब्रूला धक्का बसला म्हणून कोणी नुकसानभरपाई मागितली तर तेवढा दावा ऐका, बाकी हात लावू नका. म्हणजे मनुस्मृती राजाच्या हातून सुटली ती जातपंचायतीच्या हाती सुरक्षित राहिली, आणि कंपनी सरकारचे न्यायालय दाराबाहेर उभे राहिले.

टिपणातले बीज फुकट गेले नाही. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनने १८५०-५१ च्या आपल्या अहवालात त्याच टिपणाचा आधार घेतला आणि वरच्या वर्गांना आधी शिकवण्याचे समर्थन केले. वरून पाणी ओतले की खाली झिरपते, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या गावकुसाबाहेर पाणी कसे झिरपते ते आम्हाला कोणी शिकवायला नको! बोर्ड हा सिद्धांत लिहीत होते त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाई महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढत होत्या, अंगावर शेण-धोंडे झेलत होत्या. १८५५ साली त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला. ज्यांना शिकवू नका असे टिपण होते त्यांच्यातली एक मुलगी, शाळेत थोडीच वर्षे गेल्यावर, धर्मालाच जाब विचारत होती. एल्फिन्स्टनचे एक वाक्य तरी खरे ठरले : ही मुले उत्तम शिकतात.

आता पुतण्याकडे येऊ.

१८५४ साली विलायतेहून वुडचा खलिता आला. शिक्षण सर्वसामान्यांपर्यंत न्या, असा त्याचा सूर. मुंबईत लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन गव्हर्नर होता. जून १८५६ मध्ये त्याच्या सरकारकडे एक अर्ज आला. अर्जदार धारवाडचा एक महार मुलगा. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. अर्जाचा विषय एवढाच, की मी फी भरायला तयार असूनही सरकारी शाळेत मला घेत नाहीत, मला घ्यावे.

क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. १८५६ साल. १८५७ चे बंड अजून व्हायचे होते. बाबासाहेबांचा जन्म पस्तीस वर्षे दूर. कोणतीही संघटना नाही, वकील नाही, वर्तमानपत्र नाही, पाठीशी नेता नाही. शिरावर महारकी. अशा वेळी कोणी एक पोरगा, अगर त्याच्या घरचे कोणी शहाणे माणूस, शाळेच्या दारातून हाकलून दिल्यावर गप्प घरी जात नाही. मास्तराच्या पाया पडत नाही, कुलकर्ण्याची मनधरणी करत नाही. तो सरळ मुंबई सरकारला लिहितो. शाळा सरकारची आहे ना? मग मी सरकारची प्रजा नाही का? मंदिरप्रवेशाआधी, पाणवठ्याआधी, मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्याने सरकारदरबारी हक्क मागितला तो शाळेत बसण्याचा. महाडच्या सत्याग्रहाच्या एकाहत्तर वर्षे आधी.

२१ जुलै १८५६ रोजी मुंबई सरकारने ठराव केला. त्याचा मथितार्थ असा : प्रश्न व्यवहारात फार अवघड आहे. न्यायाचे तत्त्व महार अर्जदाराच्या बाजूने आहे यात शंका नाही. आज ज्या समजुती त्याच्या आड येत आहेत त्या लवकरच दूर होतील अशी सरकारला आशा आहे. परंतु एका-दोघा व्यक्तींसाठी युगायुगांच्या समजुतींत तडकाफडकी ढवळाढवळ केली तर शिक्षणाच्या कार्याचेच मोठे नुकसान होईल. अर्जदाराला जी अडचण सोसावी लागते ती या सरकारने निर्माण केलेली नाही, आणि त्याच्या बाजूने हस्तक्षेप करून ती एकदम दूर करणे सरकारला शक्य नाही.

तीस-बत्तीस वर्षांत काकाच्या टिपणाचा पुतण्याच्या सरकारने ठराव केला! न्याय तुझ्या बाजूने आहे, पण शाळा तुझी नाही. ही भाषा आम्हाला ओळखीची वाटते की नाही? तत्त्वतः मान्य, वेळ आलेली नाही, समाजाची मानसिकता तयार व्हायची आहे, घाई करून कार्याचे नुकसान होईल. मंडल आयोगाच्या वेळी आम्ही हीच भाषा ऐकली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि अंमल व्हायला १९९४ उजाडले, त्या सोळा वर्षांत आमच्या वस्त्या जळाल्या तेव्हाही हीच भाषा होती. साहेब गेला पण त्याचा मसुदा इथेच ठेवून गेला.

धारवाडचे प्रकरण मात्र तिथे संपले नाही. ते कलकत्त्याला हिंदुस्थान सरकारपुढे गेले. जानेवारी १८५७ मध्ये तिथून मुंबईला पत्र आले. गव्हर्नर-जनरल होता लॉर्ड कॅनिंग. त्या पत्राचा सूर असा, की बंगाल इलाख्यातल्या कोणत्याही सरकारी शाळेने या मुलाला प्रवेश नाकारला असता असे आम्हाला वाटत नाही. म्हणजे एकाच कंपनीच्या राज्यात, एकाच झेंड्याखाली, कलकत्त्याचे सरकार म्हणते घेतले असते आणि मुंबईचे म्हणते घेता येत नाही. मग जुन्या समजुतींचा बाऊ खरा किती आणि राज्यकर्त्यांचे भय किती? कलकत्त्यालाही जाती होत्या. शास्त्री-पंडित तिथेही होते. फरक गव्हर्नरच्या खुर्चीचा होता.

पुढे विलायतेतल्या कंपनीच्या संचालकांनी १८५८ साली निर्वाळा दिला की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात हाच आमचा हेतू आहे, त्या तत्त्वावरून मागे येता येणार नाही. ज्यांना ते पसंत नसेल त्यांनी आपली वर्गणी थांबवावी आणि आपल्या पैशाने आपल्यापुरत्या वेगळ्या शाळा काढाव्यात. झकास उत्तर. मग मुंबई सरकारनेही जाहीर केले : संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा भेदभाव न करता सर्व प्रजेला खुल्या. ज्या शाळांना लोकवर्गणीचा आधार आहे तिथे मात्र वर्गणीदारांचा विरोध असेल तर आम्ही अस्पृश्य मुले घालणार नाही. फार तर अशा शाळेची मदत थांबवण्याचा हक्क राखून ठेवतो. दार उघडले खरे, पण अर्धेच. आणि अर्ज टाकल्यापासून दोन वर्षे गेली होती. शाळेतल्या पोराच्या आयुष्यातली दोन वर्षे.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८५८ ला, राणीचा जाहीरनामा निघाला. प्रजेच्या धर्मात आणि आचारात सरकार ढवळाढवळ करणार नाही, असे त्यात वचन होते. आता कोणते वचन खरे मानायचे? शाळा सर्वांना खुली हे खरे, की धर्मात हात घालणार नाही हे? कलेक्टरपासून खेड्यातल्या मास्तरापर्यंत प्रत्येकाने आपल्या सोयीचे वचन उचलले. मास्तर तर बहुतेक भटच. महार पोराचे नाव हजेरीत, पोर मात्र ओसरीवर, अंगणात किंवा खिडकीबाहेर.

फळ काय ते आकड्यांत दिसते. शाळा खुल्या केल्याला चोवीस वर्षे झाल्यावर हंटर कमिशन बसले. त्यापुढे आलेल्या १८८१-८२ च्या आकड्यांप्रमाणे मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळांत अस्पृश्य मुले तीन हजारही नव्हती, शेकडा एक भरत नव्हती. मिडल स्कूलमध्ये सतरा. अख्ख्या इलाख्यात, सिंधपासून कारवारपर्यंत, सतरा. हायस्कुलात शून्य, कॉलेजात शून्य. याच कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन ठेवले. महार-मांगांना जातीच्या दुराग्रहामुळे सगळ्या शाळांतून प्रत्यक्षात वगळले जाते, त्यांच्यासाठी काढलेल्या खास शाळा मोठ्या शहरांतच आहेत, आणि पुण्यात पाच हजारांवर वस्ती असताना एकच शाळा आहे, तीत तीसही मुले नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितले. सरकारचा महसूल शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो, हेही. शेतकऱ्याचा असूडमध्ये तर ऐषआरामात दंग होऊन भट कामगारांच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना त्यांनी सोडले नाही. जोतीरावांना इंग्रजधार्जिणे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा तरी उघडावे.

मग आम्ही शिकलो ते कुठे? पहिल्या पिढीतले पुष्कळ जण शिकले पलटणीत. कंपनीच्या फौजेत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत, तिथे शिकणे सक्तीचे होते. रामजी सुभेदार तिथेच तयार झाले, पंतोजी झाले, लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले. गव्हर्नरच्या शिक्षणखात्याने जे दिले नाही ते छावणीने दिले, आणि तेही दयेपोटी नव्हे. शिपाई लिहिता-वाचता हवा होता म्हणून. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा आमच्या माणसांच्या पोटावर पाय आला एवढेच नव्हे, ती शाळाही मिटली. गोपाळबाबा वलंगकर अर्ज लिहीत राहिले.

त्या सुभेदाराचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसला. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात आला, ते सरकारी हायस्कूल. एकदा गुरुजींनी त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. पोरे धावली आणि आपले डबे उचलून बाजूला केले, मगच भीमरावाने खडू हातात घेतला. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती मिळाली नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला हाच विद्वान १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाला. ते कॉलेजही एका गव्हर्नरच्याच नावाचे! तिथे प्रोफेसरांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी प्यायल्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली. दारावर गव्हर्नरचे नाव होते, आत मनूचा कायदा चालू होता.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव पास करून घेतला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. सप्टेंबरात सरकारने खात्यांना हुकूम पाठवले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, कागदावर. पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन तळ्यावर जावे लागले, डोकी फुटली, आणि डिसेंबरात दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा न्यायालयाचा मनाईहुकूम आडवा आला. निकाल हायकोर्टातून लागायला मार्च १९३७ उजाडला. धारवाडच्या शाळेपासून महाडच्या तळ्यापर्यंत गव्हर्नर बदलत गेले, रीत तीच. हुकूम काढायचा, अंमल टाळायचा, आणि कोणी अंमल करायला गेला की शांततेच्या नावाने त्यालाच अडवायचे.

म्हणून आम्ही म्हणतो, आमच्या बापाला इंग्रजांचा ओशाळा ठरवणाऱ्यांनी त्याची भाषणे वाचावीत. फेब्रुवारी १९२७ मध्ये गव्हर्नरने त्यांना कायदेमंडळावर नेमले. नेमलेला माणूस नेमणाऱ्याची री ओढील अशी अपेक्षा असते. बाबासाहेबांनी महिनाभरात, मार्चच्या अर्थसंकल्पी चर्चेत, त्याच सरकारच्या शिक्षणखर्चाचे वाभाडे काढले. या गतीने शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुली यायला तीनशे, हा हिशेब त्यांनी मांडला. नोव्हेंबर १९३० मध्ये गोलमेज परिषदेत, राजाच्या राजधानीत, त्यांनी विचारले की इंग्रज येण्याआधी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होते, पोलिसात आणि फौजेत जागा नव्हती. आज काय वेगळे आहे? दीडशे वर्षांत आमच्या जखमा तशाच उघड्या आहेत. हे सरकार ढवळाढवळीला भिते, म्हणून आम्हाला लोकांचे सरकार पाहिजे.

इंग्रजी राज्याने काहीच दिले नाही असेही आम्ही म्हणत नाही. कायद्यापुढे सर्व सारखे, ही कल्पना त्याच राज्याने बोलून दाखवली. पेशवाईत अर्ज करायला कचेरीच नव्हती. इथे निदान अर्ज करता येत होता आणि नाकारताना कारण लिहून द्यावे लागत होते. हा फरक लहान नाही. त्या लिहून दिलेल्या कारणांवरच आमचा दावा उभा राहिला. पण दावा कोणी लावला? गव्हर्नरांनी नव्हे.

२९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला एक निवेदन दिले, विषय मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांचे शिक्षण. त्यात त्यांनी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे टिपण शब्दशः दिले आहे. त्याखाली बोर्ड ऑफ एज्युकेशनचा अहवाल आहे. आणि धारवाडच्या मुलाचा अर्ज नाकारणारा १८५६ चा ठरावही आहे. ज्याला त्या ठरावात महार अर्जदार एवढेच म्हटले होते, त्याचा खटला बहात्तर वर्षांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या एका पदवीधराने पुन्हा सरकारपुढे मांडला.